साठच्या पुढचा आवाज

४ मार्च, सोमवार

आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की सांगतो, कारण माझी नजर डॅशबोर्डवरच होती आणि या गाडीत वेगाच्या काट्याशेजारी घड्याळ आहे. पन्नासला गाडी गप्प. पंचावन्नला गप्प. काटा साठच्या जरा पुढे सरकला आणि मागच्या सीटखालून आवाज आला. खडखड नाही, करकर नाही. ओठ मिटून कुणीतरी एकच सूर लावून धरावा, तसा. मी आरशात पाहिलं. मागे कुणी नाही हे माहीत होतं, तरी पाहिलं.

गाडी तिची. म्हणजे कागदावर तिच्या वडिलांची, पण चालवते ती. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होती. आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दुकानानं पलीकडच्या गावात शाखा काढली आणि हिला तिकडे टाकलं. रोज हमरस्त्यानं जा-ये. ही जुनी गाडी सत्तरला नेली की इंजिन बोंबलतं, कारण मागच्या डिफरन्शियलमधले, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना वाटणाऱ्या लोखंडी गोळ्यातले, गिअर चढासाठी केलेले, वेगासाठी नव्हेत. तिथली क्राउन-पिनियनची जोडी, म्हणजे मोठी दातेरी चकती आणि तिला फिरवणारा छोटा दातेरी दांडा, बदलली की काम झालं. पण या मॉडेलची जोडी आता मिळत नाही. मी तसं सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली अशीच एक उभी आहे ना? तिच्यात लांब पल्ल्याचे गिअर आहेत."

हे तिला कुठून कळलं? माझ्याबद्दल चौकशी केली असणार, दुसरं काय! दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

ताडपत्रीखालची गाडी दादाची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. गाडीचं पुढचं अंग उरलेलं नाही, मागचं धड आहे. बाबा तिच्याकडे बघत नाहीत आणि कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणून आई-बाबा आत्याकडे गेल्याचं साधून मी त्यातला डिफरन्शियलचा अख्खा गोळा उतरवला आणि तिच्या गाडीत चढवला. आत काही उघडलं नाही. दादा गेला त्याच्या चार दिवस आधी बाबांनी स्वतःच्या हातानं जुळवलेला गोळा. त्यात मी काय अक्कल पाजळणार?

आणि आता हा आवाज. उद्या बाबा परत येणार आणि उद्याच ती गाडी न्यायला येणार.

५ मार्च, मंगळवार

सकाळपासून गाडीखाली आहे. गोळ्यातलं तेल भरायच्या भोकापर्यंत बरोबर. मागची चाकं पुढे, पुढची मागे केली. आवाज होता तिथंच राहिला, म्हणजे टायर नव्हे. मधला लांब दांडा हातानं हलवून पाहिला, सांध्यात ढिलेपणा नाही. रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवली. चाकाचं बेअरिंग असतं तर एका अंगाला भार पडल्यावर सूर बदलला असता. बदलला नाही. काही केल्या बदलत नाही.

कॉलेजात तिसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर डिफरन्शियल काढला होता. क्राउन चुकीच्या बाजूला. मी उभा राहून म्हटलं, "सर, ही गाडी पहिल्या गिअरमध्ये मागे जाईल." वर्ग हसला. सर म्हणाले, "गॅरेजवाल्याच्या मुलानं गॅरेजातच शोभावं." मी वही मिटली आणि निघालो ते परत गेलोच नाही. तेव्हा वाटलं होतं, काय झकास बाहेर पडलो. समोरच्या लेथवाल्या काकांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'अर्धा इंजिनियर' ठेवलं. आज त्या अर्ध्यालाही आवाज सापडत नाही.

ती पाचला आली. मी सरळ सांगून टाकलं, "साठच्या पुढे जरासा आवाज आहे. बघतोय मी. तोवर चालवायला हरकत नाही."

"कसा आवाज?"

मी ओठ मिटून काढून दाखवला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या हातातून किल्ली घेतली. बोटं बर्फासारखी.

"असू दे थोडे दिवस," ती म्हणाली. "मला चालेल."

बाकीची गिऱ्हाईकं काचेच्या टिकटिकीवरून डोकं खातात. हिचा समजूतदारपणा बघा.

७ मार्च, गुरुवार

आमचं गॅरेज हमरस्त्याच्या कडेलाच आहे, सरळ पट्ट्यावर. इथून जाणारी गाडी सत्तर-ऐंशीलाच असते. बाबा पाठमोरे काम करत असतात आणि न बघता सांगतात, "दुधाची गाडी, पुढचं डावं बेअरिंग गेलंय." लोक पैजा लावतात, हरतात.

काल सकाळी आठ चाळीसला ती गेली. तो सूर लांबून आला, दारावरून गेला, लांब जाऊन विरला. बाबांच्या हातातला पाना खाली पडला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "तेलकट होता."

आज आठ पस्तीसला त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला. एकाही टायरमध्ये हवा भरायची नव्हती. तो धडधडत राहिला आणि ती कधी गेली मला कळलंच नाही. संध्याकाळी सहा वीसला, ती परतायच्या वेळी, पुन्हा तेच. दिवसातून दोनदा तिला बघायला मिळतं, तेवढंही या माणसाला बघवत नाही. कुणीतरी माझ्याबद्दल कान भरले असणार.

आईला म्हटलं, "बाबांना म्हणावं उगाच वीज जाळू नका." ती भांडं विसळत होती. म्हणाली, "लावू दे त्यांना." आणि नळ आणखी सोडला.

१० मार्च, रविवार

शेवटी लेथवाल्या काकांना शरण गेलो. मागच्या ॲक्सलचं, म्हणजे या गोळ्याचं, विचारायला बाबांकडे जाणं शक्यच नाही. तीन वर्षांत त्यांनी मागच्या ॲक्सलचं एकही काम घेतलेलं नाही. "दुसरीकडे न्या," एवढंच म्हणतात. पूर्वी चार गावांहून लोक यायचे त्यांच्याकडे. गॅरेजामागे एक खोली आहे, जाड लाकडी बाक असलेली, खास त्याच कामाची. तिची किल्ली खिळ्याला लटकून गंजली. शेवटची दोन कामं तिथं एकाच आठवड्यात झाली, दादाची गाडी आणि स्टँडवरची एक टॅक्सी, दोन्हीत सारखेच नवे गिअर. तो टॅक्सीवाला नंतर दोनदा भांडायला आला होता. बाबांनी त्याला दारातही घेतलं नाही. भित्रे झालेत. माझं स्पष्ट मत आहे.

सुट्टीमुळे गाडी तिनं माझ्याकडे ठेवली होती. काका मागच्या सीटवर आडवे झाले आणि कान सीटला लावला.

"काका, झोपू नका हं."

"तू रस्त्याकडे बघ, अर्ध्या. दिलेलं पेडल सोड. आता दे. सोड. दे."

पेडल दाबलं की सूर यायचा, सोडलं की थांबायचा. काका उठून बसले. "टायरला, बेअरिंगला तुझा पाय कळत नाही. ते फिरले की बोलणारच. पाय लावला की बोलतं आणि काढला की गप्प होतं, ते गिअर. दात दाताला नीट बसत नाहीत. कुठून आणलास हा गोळा?"

"जुन्या सामानातून."

त्यांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असं चालू ठेवलं तर एक दिवस दात जातो. तुटलेला दात मध्ये अडकला की मागची दोन्ही चाकं जाम. आणि साठ-सत्तरला चाकं जाम झाली तर सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी..." मध्येच थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. वय झालं आता, काय बोलत होतो तेच विसरतात.

उतरताना म्हणाले, "वडिलांना दाखव."

"त्यांना नका सांगू, काका."

"मी कशाला सांगू? त्यांचे कान आहेत."

दात जाईल. ती रोज दोनदा त्या सीटवर बसते. मी बसवलेल्या गोळ्यावर.

१२ मार्च, मंगळवार

तिला फोन केला. म्हटलं, तुझा जुना गोळा माझ्याकडे तसाच आहे, एका दिवसात परत चढवतो, हळू चालव पण सुरक्षित राहशील. म्हणाली, "रविवारी बघू." तिला माझ्या कामावर एवढा विश्वास! मला मात्र आता बिनगाडीचाही तो सूर ऐकू येतो. पंख्यात, पाण्याच्या मोटारीत, आईच्या मिक्सरमध्ये.

दादा आंघोळ करताना असाच गुणगुणायचा. एकच ओळ, शब्द न म्हणता. आज हे आठवायचं काही कारण नव्हतं.

१७ मार्च, रविवार

आज तिच्याबरोबर चाचणी. गाडी मी चालवली, ती शेजारी. निळी ओढणी, पायात पांढरे बूट. धरणाकडच्या रस्त्याला गर्दी नव्हती. मनात पन्नास वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. काटा साठला पोचला.

सूर आला. तिनं डोळे मिटले.

मी पेडल सोडलं तर आवाज थांबला. "सोडू नकोस ना," ती म्हणाली. मग मी तेवढाच वेग धरून ठेवला. पुढे एक ट्रॅक्टर आला म्हणून मी ओलांडायला निघालो, तर ती डोळे न उघडताच म्हणाली, "सावकाश, ठिणगी."

ठिणगी! हे माझं घरातलं नाव. घरातलं तरी कुठे, फक्त दादा म्हणायचा, मी लहानपणापासून पटकन पेटतो म्हणून. त्याच्यानंतर कुणी म्हटलंच नाही. हे तिनं कुठून काढलं? किती खोलात शिरून माहिती काढली असेल! तिच्या गालावर पाणी होतं. मी चौदा किलोमीटर फक्त साठच्या पुढे राहिलो.

गोळा बदलायचं पुन्हा काढलं. "एक आठवडा," ती म्हणाली. आणि मी गाढव, हो म्हटलं. दात जाऊ शकतो हे माहीत असून हो म्हटलं. तिनं सांगितलं असतं तर मी बिनचाकाची गाडी चालवायलाही हो म्हटलं असतं.

१८ मार्च, सोमवार

चिठ्ठी लिहायचे चार प्रयत्न. पहिली फारच लांब. दुसऱ्या चिठ्ठीत 'बॅकलॅश', म्हणजे गिअरच्या दातांमधली फट, हा शब्द दोनदा आला. तिसरी आईनं भाजी निवडायला खाली घेतली. चौथी फाडली. तोंडानंच सांगणार.

कॉम्प्रेसर: आठ पस्तीस ते आठ पंचेचाळीस.

२१ मार्च, गुरुवार

सांगितलं.

तिच्या दुकानात गेलो होतो. मला समोरच्या खुर्चीवर बसवून ती म्हणाली, "आलायसच तर डोळे तपासून घे," आणि ते जड यंत्र माझ्या नाकावर ठेवलं. "वाच." मी अक्षरं वाचायची सोडून सगळं बोलून टाकलं. समोर फक्त काचा होत्या, तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच जमलं.

तिनं यंत्र काढलं. स्टूल ओढून बसली.

"तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"तुझा दादा तुला कॉलेजात सोडायला यायचा. तुला सोडल्यावर गाडी लगेच जायची का?"

लगेच नाही जायची. दादा म्हणायचा, इंजिन गार होऊ देतो. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो, गाडी फाटकाशी उभी आणि ती तिथं मैत्रिणीची वाट बघत. मला वाटायचं, वर बघते ती माझ्याकडेच.

"शेवटचे चार दिवस गाडी अशीच वाजायची," ती म्हणाली. "मी म्हटलं, हे काय बिघडवून आणलंस? तर म्हणाला, बिघडली कुठे, माझ्यासारखी गुणगुणायला शिकली. मला वाटलं होतं, ते गिअर बसवले तर कदाचित... मला खात्री नव्हती. तू आवाज काढून दाखवलास तेव्हा..."

म्हणजे ताडपत्रीखालची गाडी, लांब पल्ल्याचे गिअर, ठिणगी, सगळं दादाकडून. माझ्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

माझं डोकं सणकलं. "ठीक आहे," मी ओरडलोच. "शनिवारी गाडी आणून ठेव. आवाज काढून टाकतो."

"नको काढूस. तेवढाच राहिलाय."

"तो आवाज नाहीये, दातांची झीज आहे! दात तुटला तर मागची चाकं जाम होतील आणि तू सरळ जाऊन कठड्यावर आपटशील!"

चष्मा घालून बघत असलेलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. ती पांढरी पडली होती. अगदी हळू म्हणाली, "त्याचं तसंच झालं का रे?"

सगळे म्हणतात वेग जास्त होता. सगळे म्हणजे कोण, हे मला आज पहिल्यांदा आठवून बघावं लागलं. बाबा कधी म्हणाले नाहीत.

२३ मार्च, शनिवार

ती गाडी घेऊन आली. तिच्या घरापासून काकांची लेथची शेड वीस मिनिटांवर आहे. निघाल्याचा फोन केल्यावर तासाभरानं पोचली. किल्ली दिली आणि चालत बस थांब्याकडे गेली. मागे वळली नाही.

काकांच्या शेडमध्ये गोळा उतरवला. तिचा जुना दुपारपर्यंत परत चढवला. मग दादाचा उघडायला घेतला. खरं सांगायचं तर रागानंच घेतला. या लोखंडात काय एवढं गाणं आहे, ते बघायचं होतं.

आधी तेल फडक्यातून गाळलं. लोखंडाचा कण नाही, कीस नाही. मग दातांना निळा रंग लावून चकती फिरवली. जोडी नीट बसली असेल तर रंग दाताच्या मध्यावर पुसला जातो. इथं तो कडेला पुसला होता. मी चकती पुसून काढली आणि काकांनी बॅटरी धरली. क्राउनच्या कडेवर कोरलेला आकडा, ३१८. पिनियनच्या तोंडावर, २४३.

काकांनी बॅटरी खाली केली.

हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच आकडा कोरतात. एकाच खोक्यातून येतात. बाबा तर खोकं उघडल्याबरोबर दोन्ही एका तारेनं बांधून ठेवायचे, गोळ्यात घालायच्या क्षणापर्यंत. फक्त त्या आठवड्यात बाकावर दोन गाड्यांच्या दोन जोड्या होत्या.

"टॅक्सी," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं!"

"आवाज ओळखीचा होता. आता अंगावर येऊ नकोस, ठेव तो पाना खाली."

"टॅक्सीतल्या गिअरशी ही परत जुळवली तर?"

"टॅक्सीतले गिअर तीन वर्षं एकमेकांशी घासून झिजले. पहिल्या जोडीदाराशी आता जमेलच असं नाही." मग म्हणाले, "दात मोजलेस?"

"एकोणचाळीस. एकही तुटलेला नाही, टवकासुद्धा नाही. म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही."

काकांनी स्वतः एकेका दातावरून नख फिरवलं. खूप वेळ. मग डोळे पुसले आणि लोखंडाचा कीस गेला म्हणाले. लेथ सकाळपासून बंद होता.

२४ मार्च, रविवार

स्टँडवर गेलो. तो टॅक्सीवाला अजून आहे, टॅक्सीही तीच. मी कुणाचा मुलगा ते सांगितलं नाही. "हमरस्त्यानं न्या आणि साठच्या पुढे चालवा," म्हटलं.

"कुठे जायचंय?"

"कुठंच नाही."

त्यानं आरशातून मला नीट पाहून घेतलं. साठच्या पुढे सूर आला. तोच. फक्त जरा जाडा, जरा म्हातारा.

"घाबरू नका," तो म्हणाला. "हिची सवयच आहे. तीन वर्षं रडतेय. मी दोनदा मेकॅनिकशी भांडायला गेलो, दुसऱ्यांदा कळलं त्याचाच पोरगा गेलाय. मग काय भांडता! नंतर वाटलं, मोडेल तेव्हा बघू. दोन लाख किलोमीटर झाले. रडते, पण पोचवते."

मी तोंड खिडकीकडे केलं. दोन लाख. म्हणजे चार दिवसांत दात जायचं काही कारणच नव्हतं. दादाचं काय झालं, कशासाठी त्यानं ब्रेक मारला, कोण आडवं आलं, ते कुणालाच कधी कळणार नाही. पण हे नव्हतं.

हे मी तिला फोनवर सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? चूक त्यांचीच आहे जोडीची."

"ठिणगी," ती म्हणाली, "ते रोज मी जाते तेव्हाच कॉम्प्रेसर का लावतात?"

तिला ते माहीत होतं. रस्त्यावरून ऐकू येतं म्हणे.

२६ मार्च, मंगळवार

काल धीर झाला नाही. आज आठ पस्तीसला बाबांनी कॉम्प्रेसर चालू केला. आठ चाळीसला ती गेली, जुन्या गिअरवर, पंचावन्नच्या आत. मी दारात उभा होतो. तिनं हात केला. गाडी गप्प.

बाबांनी कॉम्प्रेसर बंद केला. थोडा वेळ तसेच उभे, मान तिरकी करून. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलले.

"आज गेली नाही?"

"गेली, बाबा. आवाज मी काढला."

वाटलं, आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "काय निघालं?"

मी खिळ्यावरची गंजकी किल्ली घेतली. कुलूप तेल घातल्यावर उघडलं. बाकावर धुळीचा थर, भिंतीला तारेची भेंडोळी अजून टांगलेली. काकांच्या शेडमधून गोळा आणून बाकावर ठेवला. बाबा उंबऱ्याशीच थांबले होते.

"आकडे वेगळे आहेत. ३१८ आणि २४३."

"माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी टॅक्सी आली ना ओरडत. तेव्हाच कळलं, तारा बांधायच्या राहिल्या. तुझ्या दादाला म्हटलं, गाडी ठेव, आत्ता उघडतो. तर म्हणाला, राहू द्या बाबा, गोड वाजते, रविवारी उघडा." त्यांनी उंबऱ्याच्या चौकटीवर हात टेकला. "मी म्हटलं, बरं, रविवारी. तो गेला शनिवारी."

"बाबा, दात बघा तरी."

"रस्त्यावर काळे पट्टे होते. मी फीत लावून मोजले. मागच्या चाकांचे. चाकं जाम झाल्याशिवाय असे उठत नाहीत."

"ब्रेक मारल्यावरही उठतात! बघा ना इकडे! एकोणचाळीसच्या एकोणचाळीस आहेत. तेल गाळलं, कण नाही. टॅक्सी अजून चालतेय, मी बसून आलो!"

ते आत आले. पण बघितलं गोळ्याकडे नाही, माझ्याकडे.

"क्रेन गाडी घेऊन आली तेव्हा तू बरोबर होतास."

"हो. तुम्ही हॉस्पिटलात होतात."

"पुढचं उचललं होतं?"

"पुढचं. मागची चाकं रस्त्यावर."

"फिरत होती?"

"फिरत होती. सबंध रस्ता मी मागच्या काचेतून त्यांच्याकडेच बघत होतो. दुसरीकडे बघवत नव्हतं."

"तू कधी बोलला नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत!"

हे मी ओरडून म्हटलं. नेहमीसारखं. आणि तोंडातून गेल्यावर मला समजलं, मी काय सांगितलं आणि किती उशिरा. तीन वर्षं एका घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट. चाकं जाम नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

बाबांनी शर्टाच्या बाहीनं बाकाचा एक कोपरा पुसला. खिशातला खडू काढून क्राउनच्या एका दातावर खूण केली. दुसऱ्या हातानं चकती फिरवायला लागले, एक दात पुढे, त्यावर अंगठा, मग पुढचा. ओठ हलत होते. एक. दोन. तीन. अकराव्या दाताला थांबले, तोही अख्खाच होता. अंगठा तिथंच ठेवून उभे राहिले. मग चकती परत मागे फिरवून खडूच्या खुणेपाशी आणली आणि पहिल्यापासून मोजायला लागले.

मी बाहेर आलो आणि खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.